टी-शर्टवर येण्याआधीचा टुपाक

एफसी रोडवर संध्याकाळी एक चक्कर मारा. टांगलेल्या टी-शर्टांमध्ये बॉब मार्ली असतो, चे गव्हेरा असतो आणि त्यांच्या शेजारी कपाळाला रुमाल बांधून पुढे गाठ मारलेला एक देखणा पोरगा असतो. तो टुपाक शकूर. माझ्याकडेही एक आहे. बारावीत असताना घासाघीस करून घेतला होता. तेव्हा मी त्याची फक्त दोन गाणी ऐकली होती आणि बाकीचं ज्ञान व्हॉट्सअॅपवरचं. म्हणजे तो मेलेलाच नाही, क्युबात लपून बसलाय वगैरे.

मग मध्यंतरी आमच्या कॉलेजात ओपन माइक झाला. फर्स्ट इयरचा एक मुलगा मोबाइलवर लिहिलेलं काहीतरी वाचायला उभा राहिला. हात थरथरत होते, पण वाचलं जोरात, ठेक्यात, घरच्या भांडणाबद्दल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कॅन्टीनमध्ये वाद पेटला की ही कविता का रॅप, आणि रॅप असेल तर त्याला कविता म्हणायचं का. चहाचे तीन राउंड झाले, निकाल लागला नाही. त्या वादात कोणीतरी टुपाकचं नाव काढलं आणि माझ्या लक्षात आलं, की ज्याला छातीवर घालून आपण चार वर्षं फिरलो, तो मुळात कवितेच्या वहीतून आलाय हे आपल्याला माहीतच नव्हतं. त्याची गोष्ट वाचायला घेतली. ती सुरू होते कोर्टात, त्याच्या जन्माच्याही आधी.

ॲफेनी शकूर ही त्याची आई. मूळची नॉर्थ कॅरोलायनाची, गरीब घरातली, न्यूयॉर्कमध्ये वाढलेली. विशी ओलांडता ओलांडता ती ब्लॅक पँथर पार्टीत गेली. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये सुरू झालेली ही कृष्णवर्णीयांची लढाऊ संघटना. एप्रिल १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २१ पँथर्सवर आरोप ठेवले. बॉम्बस्फोटांचा कट, खुनाचा कट, अशी मोठी यादी. त्यात ॲफेनी होती. तिनं वकील घेतला नाही. कायद्याचं शिक्षण नाही, पोटात बाळ, मधेच जामीन रद्द होऊन पुन्हा तुरुंग, आणि अशा अवस्थेत ती कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडत होती. संघटनेत वेषांतर करून घुसलेल्या पोलिसाची उलटतपासणी तिनं स्वतः घेतली आणि त्याच्याच तोंडून काढून घेतलं, की त्यानं तिला कुठलंही हिंसक कृत्य करताना पाहिलेलं नाही. मे १९७१ मध्ये ज्युरीनं निकाल दिला. खटल्यातले सगळे आरोपी सगळ्या, म्हणजे १५६ आरोपांतून निर्दोष. पुढच्याच महिन्यात, १६ जून १९७१ ला टुपाक जन्मला.

म्हणजे बघा, जन्माच्या आधीच हा पोरगा आईच्या पोटातून युक्तिवाद ऐकत होता. (हे माझं आपलं फिल्मी वाक्य, पण मोह आवरला नाही.)

जन्मताना त्याचं नाव वेगळं होतं, लेसेन पॅरिश क्रुक्स. नंतर आईनं ते बदलून टुपाक अमारू केलं. अठराव्या शतकात पेरूमध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठाव करणाऱ्या आणि १७८१ मध्ये ज्याला जाहीरपणे ठार मारलं गेलं त्या नेत्याचं हे नाव. एवढं ओझं घेऊन बालवाडीत जायचं म्हणजे विचार करा.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे. ॲफेनीचा खटला संपल्यावर वर्षभरानं, १९७२ मध्ये, मुंबईत काही तरुण दलित लेखक-कवींनी ‘दलित पँथर’ सुरू केली. नाव सरळ अमेरिकेतल्या त्या पँथर्सवरून घेतलेलं. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही त्यातली नावं आपण अभ्यासक्रमात वाचतो. ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तोही १९७२ मध्येच. एकाच संघटनेच्या नावाखाली इकडे कामाठीपुऱ्याजवळच्या वस्तीतला कवी लिहीत होता आणि तिकडे हार्लेममध्ये एक पोर रांगत होतं. दोघांची कधी भेट झाली नाही. पण ज्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही त्या गल्लीतली भाषा जशीच्या तशी कागदावर आणायची, हा हट्ट दोघांत दिसतो. आमच्या कॅन्टीनमधल्या वादात ढसाळांचं नाव एकानंही काढलं नाही. मीसुद्धा नाही.

खटला जिंकला, पण संघटना फुटत गेली आणि ॲफेनीच्या हातात दोन लेकरं उरली. टुपाक आणि धाकटी सेकीवा. खरा बाप कोण हे टुपाकला कितीतरी वर्षं नीट माहीत नव्हतं. तो मेलाय असंच त्याला वाटत होतं. सावत्र बाप मुतुलू शकूर हाही चळवळीतला. १९८२ पासून तो एफबीआयच्या दहा ‘मोस्ट वाँटेड’च्या यादीत होता आणि १९८६ मध्ये पकडला गेला. घरं बदलत राहिली, काही काळ बेघरांच्या निवाऱ्यातही काढावा लागला. एक गोष्ट मात्र ॲफेनीनं सोडली नाही. पोरानं खोडी केली की शिक्षा ठरलेली : न्यूयॉर्क टाइम्स वाचायचा, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मास कॉमला असल्यामुळे मला हीच शिक्षा तीन वर्षं फी भरून मिळाली, ते सोडा. पण त्या शिक्षेचा उपयोग पुढे कसा झाला ते येईलच.

बाराव्या वर्षाच्या सुमाराला आईनं त्याला हार्लेममधल्या एका नाटक कंपनीत घातलं. लॉरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात त्यानं ट्रॅव्हिस या लहान मुलाचं काम केलं, तेही हार्लेमच्या प्रसिद्ध अपोलो थिएटरमध्ये. जेसी जॅक्सनच्या १९८४च्या अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी निधी जमवायचा तो प्रयोग होता. घरी जागा बदलते, माणसं बदलतात, पण स्टेजवर आपलं वाक्य आलं की सगळे गप्प बसून ऐकतात. हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं असणार असं मला वाटतं.

पुढे घर बाल्टिमोरला हललं. आणि इथून त्याची गोष्ट आपल्या ओळखीची व्हायला लागते, कारण इथे आहेत शाळा, स्पर्धा आणि मित्र.

१९८५ मध्ये बाल्टिमोरच्या एनॉक प्रॅट या सार्वजनिक लायब्ररीनं मुलांसाठी रॅपची स्पर्धा लावली. विषय काय, तर लायब्ररी! आपल्याकडे ‘वाचाल तर वाचाल’वर निबंध असतो ना, तसंच. टुपाक तेव्हा १४ वर्षांचा. त्याचा मित्र माउस स्मिथ हा तोंडानं ठेका धरायचा, म्हणजे बीटबॉक्स करायचा. वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, त्यामुळे बँड म्हणजे हेच एक तोंड. टुपाकनं शब्द लिहिले : शाळा सोडू नका, लायब्ररीचं कार्ड काढा, वाचा. दोघं जिंकले. जगातल्या सगळ्यात वादग्रस्त रॅपरची सुरुवात लायब्ररी कार्डाच्या जाहिरातीनं झाली, हे मला कळलं तेव्हा मी हॉस्टेलवर मोठ्यानं हसलो होतो. पण जरा थांबून विचार केला तर त्यात हसण्यासारखं फार काही नाही. एका सरकारी छापाच्या संस्थेनं गल्लीतल्या पोरांना सांगितलं, की तुमच्या भाषेत, तुमच्या ठेक्यात आमच्याबद्दल बोला. निबंध मागितला नाही, रॅप मागितला. १९८५ मध्ये. तेव्हा हिप हॉप जन्मून जेमतेम बारा वर्षं झाली होती आणि बऱ्याच मोठ्यांच्या लेखी ती कटकट होती.

नंतर ऑडिशन देऊन तो ‘बाल्टिमोर स्कूल फॉर द आर्ट्स’मध्ये गेला. ही सरकारी शाळाच, पण कलांची. अभिनय, कविता, जॅझ, बॅले सगळं तिथे. टुपाकनं शेक्सपिअर वाचला, केला. ‘नटक्रॅकर’ या बॅलेत उंदरांच्या राजाचं काम केलं. टी-शर्टवरचा तो पोटावर गोंदवलेला माणूस आणि बॅलेतला उंदीरराजा एकच, ही कल्पना करून बघा. तिथेच त्याची जेडा पिंकेटशी मैत्री झाली. हो, तीच जेडा, जिच्यावरच्या विनोदावरून ऑस्करच्या स्टेजवर थप्पड वाजली. ही मैत्री शेवटपर्यंत राहिली. त्या शाळेत पैसेवाल्यांची पोरं होती, गोरी होती, काळी होती, आणि खिशात काही नसलेला टुपाक होता. दिवसा मोनोलॉगचा सराव, संध्याकाळी गल्लीत रॅपची चढाओढ. त्याला यात काही विसंगत वाटत नव्हतं. विसंगती आपल्याला वाटते, कारण आपण एक सभागृह साहित्य मंडळाला देतो आणि दुसरं डान्स ग्रुपला.

ही शाळा त्याला पुरी करता आली नाही. १९८८ मध्ये, म्हणजे १७ वर्षांचा असताना, घर पुन्हा हललं आणि या वेळी थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात मरीन सिटीला. सॅन फ्रान्सिस्कोचा तो गोल्डन गेट पूल ओलांडला की पलीकडे मरीन कौंटी लागते. अमेरिकेतल्या श्रीमंत भागांपैकी एक. तिच्या मधोमध ही छोटी वस्ती. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या जहाजबांधणीच्या यार्डात कामाला आलेल्या मजुरांसाठी १९४२ मध्ये उभारलेली. युद्ध संपलं, यार्ड बंद झालं, गोरे मजूर दुसरीकडे घरं घेऊन गेले. काळ्यांना ती घरं कोणी विकेना, ते तिथेच राहिले. १९८८ मध्ये तिथे क्रॅक या नशेचा सुळसुळाट होता. आणि ॲफेनी, जिनं १५६ आरोपांचा खटला स्वतः लढवला होता, ती त्या नशेत अडकली.

मुलानं घर सोडलं. मित्रांकडे झोपायचा, पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. शाळा टॅमलपायस हाय, टेकडीवरच्या श्रीमंत पोरांची. तिथूनही तो डिप्लोमा न घेता बाहेर पडला. आपल्या भाषेत बारावी अर्धवट.

या सगळ्यात घडलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लीला स्टाइनबर्ग नावाची एक तरुण बाई त्या भागातल्या शाळांमध्ये कला आणि कवितेच्या कार्यशाळा घ्यायची. आठवड्यातून एकदा ती मुलांना आपल्या घरी गोळा करायची. १९८९ च्या वसंतात टुपाक तिला भेटला. ती सांगते, की ती हिरवळीवर विनी मंडेलांचं पुस्तक वाचत बसली होती आणि हा पोरगा येऊन त्या पुस्तकातलं धडाधड बोलायला लागला. आईच्या घरात तेच वाचलं होतं ना त्यानं.

त्या वर्तुळात नियम साधा होता. गोल बसायचं, लिहायचं, लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. मागे म्युझिक नाही, त्यामुळे ठेक्यावर शब्द ढकलून न्यायची सोय नाही. ज्यांनी कधी ओपन माइकला वाचलंय त्यांना माहीत असेल, की बीट असली की फालतू ओळही चालून जाते. बीट काढून घेतली की ओळ उघडी पडते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच कळतं. शिवाय तिथे स्वतःबद्दल लिहायचं होतं. गल्लीतल्या रॅपच्या चढाओढीत तुम्ही मी किती भारी हे सांगता. इथे सांगायचं होतं की काय दुखतंय. रस्त्यावर मर्द म्हणून वावरणारा १८ वर्षांचा मुलगा त्या खोलीत प्रेमाबद्दल, एकटेपणाबद्दल, रडण्याबद्दल वाचून दाखवत होता आणि बाकीची पोरं ऐकून घेत होती. ही कविता आहे का रॅप, असा प्रश्न तिथे कोणाला पडला असेल असं वाटत नाही.

त्या १९८९ ते १९९१ मधल्या कविता लीलानं जपून ठेवल्या. त्याच्या मृत्यूनंतर, १९९९ मध्ये, त्यातल्या ७२ कवितांचं ‘द रोझ दॅट ग्रू फ्रॉम काँक्रीट’ हे पुस्तक निघालं. ते लायब्ररीत कुठे दिसलं तर जरूर चाळा. त्यात छापील कवितेसोबत त्याच्या हस्ताक्षरातलं पान दिलंय. खाडाखोड आहे, स्पेलिंगच्या चुका आहेत, मधेच चित्रं आहेत. ‘टू’ आणि ‘फॉर’ लिहायच्या ऐवजी तो आकडे टाकतो, ‘यू’साठी एकच अक्षर. आपण एसएमएसमध्ये करायचो ते हा मोबाइल यायच्या आधी वहीत करत होता. आणि ‘आय’ म्हणजे मी लिहायचं असेल तिथे बऱ्याचदा एक डोळा काढलेला असतो. उच्चार एकच ना! पानभर ते डोळे आपल्याकडे बघत असतात.

कवितांचे विषय बघा. एक व्हॅन गॉगला अर्पण केलेली. एक नेल्सन मंडेलांसाठी. एक जेडावर. एक थेट त्या क्रॅकला उद्देशून, जिनं त्याची आई हिरावून घेतली. आणि पुस्तकाला जिचं नाव दिलंय ती, काँक्रीटच्या भेगेतून उगवलेल्या गुलाबाची. सगळ्या कविता ग्रेट आहेत असं मी म्हणणार नाही. काही फारच भाबड्या आहेत, यमकासाठी ओढूनताणून आणलेल्या. अठराव्या वर्षी लिहिलेल्या तुमच्या-माझ्याही असतील. पण त्या वाचताना माणूस तयार होताना दिसतो.

पुढचं सगळं फार वेगात झालं. लीला त्याची पहिली मॅनेजर बनली, तिच्या ओळखीतून ‘डिजिटल अंडरग्राउंड’ या रॅप ग्रुपकडे तो पोचला. १९९० मध्ये तिथे काम काय, तर सामान उचलायचं आणि स्टेजवर मागे नाचायचं. १९९१ मध्ये त्या ग्रुपच्या एका गाण्यात त्याला एक कडवं मिळालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वतःचा पहिला अल्बम ‘टुपाकलिप्स नाऊ’ आला.

त्या अल्बममधल्या एका गाण्यावर थांबायला हवं, कारण न्यूयॉर्क टाइम्सची ती शिक्षा इथे कामी आलेली दिसते. ‘ज्यूस’ या त्याच्या पहिल्या मोठ्या सिनेमाच्या शूटिंगच्या वेळी त्यानं पेपरात एक बातमी वाचली. १२ वर्षांची मुलगी, नात्यातल्याच माणसापासून दिवस गेले, बाळ झालं आणि घाबरून तिनं ते कचऱ्यात टाकलं. अशा बातम्या आम्ही इंटर्न लोक रोज बघतो. चार ओळींत बसवायच्या, पोलिस ठाण्याचं नाव लिहायचं, पुढची घ्यायची. त्यानं त्या मुलीला ब्रेंडा हे नाव दिलं आणि तिच्यावर ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’ लिहिलं. त्या गाण्यात फिरून येणारं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं धृपद जवळपास नाहीच. एक लांब कडवं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका मुलीची गोष्ट. तिच्या घरच्यांना काय माहीत होतं, शेजाऱ्यांना काय माहीत होतं आणि कोणी काय केलं नाही, हे सगळं त्यात येतं. २० वर्षांचा मुलगा पहिलाच अल्बम काढतोय आणि त्यातून निवडून हे गाणं बाजारात आणतोय. लीलाच्या खोलीतली बीट नसलेली सवय मला त्यात ऐकू येते.

इथपर्यंत गोष्ट सोपी होती. आता अवघड भाग.

ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडमध्ये सिग्नल नसताना रस्ता ओलांडला म्हणून पोलिसांनी त्याला अडवलं आणि मारहाण केली. त्यानं एक कोटी डॉलरचा दावा ठोकला, तडजोड झाली सुमारे ४२ हजारांवर. १९९२ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी त्याच्या अल्बमवर जाहीर टीका केली. इथवर तो आपल्याला हिरो वाटतो. पण ऑगस्ट १९९२ मध्ये मरीन सिटीच्या पन्नासाव्या वर्षाच्या उत्सवात त्याच्या लोकांचं तिथल्या काही जणांशी भांडण झालं, गोळी सुटली आणि जवळच सायकल चालवणारा सहा वर्षांचा मुलगा गेला. बंदूक टुपाकच्या नावावर नोंदलेली होती. फौजदारी खटला त्याच्यावर उभा राहिला नाही, पण मुलाच्या कुटुंबानं दिवाणी दावा केला आणि तो भरपाई देऊन कोर्टाबाहेर मिटला. ज्या वस्तीत तो वही घेऊन फिरायचा तिथलंच ते मूल.

आणि १९९३. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी त्याचं ‘कीप या हेड अप’ हे गाणं सिंगल म्हणून आलं. गरीब कृष्णवर्णीय बायकांना धीर देणारं, पुरुषांना जाब विचारणारं. आजही अनेक मुली त्या गाण्याबद्दल प्रेमानं बोलतात. त्यानंतर महिन्याच्या आत, नोव्हेंबरमध्ये, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत एका १९ वर्षांच्या मुलीवर त्यानं आणि त्याच्या सोबतच्यांनी लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार दाखल झाली. १ डिसेंबर १९९४ ला ज्युरीनं त्याला लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं, त्याहून गंभीर आरोपांतून सोडलं. त्यानं शेवटपर्यंत आरोप नाकारला. शिक्षा झाली दीड ते साडेचार वर्षं.

हा लेख लिहिताना मी इथे दोन दिवस अडकलो. माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं, की असं असेल तर लेख लिहूच नको, टी-शर्टही टाकून दे. एका मित्राचं म्हणणं, की हा परिच्छेद गाळ, गाण्यांवर लिही. मला दोन्ही जमलं नाही. फॅन लोक जे करतात, म्हणजे ती मुलगी खोटं बोलत होती असं युट्यूबच्या कमेंटमध्ये ठोकून देणं, ते तर नाहीच नाही. ज्युरीनं पुरावे ऐकून निर्णय दिला होता. पण ब्रेंडावर लिहिणाऱ्यालाही हे कळलं नाही का, हा प्रश्न राहतो. त्याचा आवाज खरा नव्हता असं म्हणून सुटका होत नाही. तो खरा होता, हीच अडचण आहे.

निकालाच्या आदल्या दिवशी, ३० नोव्हेंबर १९९४ ला, मॅनहॅटनमधल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या खाली त्याला लुटायला आलेल्यांनी पाच गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तो व्हीलचेअरवर, बँडेजमध्ये कोर्टात आला. फेब्रुवारी १९९५ मध्ये शिक्षा सुरू झाली आणि मार्चमध्ये, तो आत असताना, ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ हा अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला. त्यात ‘डिअर ममा’ आहे. आईचं व्यसन, घरातली उपासमार, तिच्याशी झालेली भांडणं यातलं काहीही न लपवता तिचे आभार मानणारं गाणं. क्रॅकवर वहीत लिहिणारा मुलगा आणि हे गाणं, यांच्यामध्ये जेमतेम पाच वर्षं आहेत. ॲफेनी तोवर नशेतून बाहेर पडली होती. २०१० मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’नं हे गाणं देशाचा ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं. म्हणजे पुन्हा लायब्ररीच!

शेवटचं वर्ष मी पटकन सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि सिनेमांनी ते पुरेसं रंगवलंय. ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘डेथ रो’ कंपनीच्या शुग नाइटनं १४ लाख डॉलरच्या जामिनाची व्यवस्था करून त्याला बाहेर काढलं, अपील चालू होतं. बदल्यात टुपाक त्या कंपनीत गेला. ‘ऑल आइज ऑन मी’ हा डबल अल्बम आला, तुफान खपला. एकेकाळचा मित्र नटोरियस बी.आय.जी. आता शत्रू झाला, न्यूयॉर्क विरुद्ध लॉस एंजेलिस असं वैर पेटलं, गाण्यांतून आईबहिणीवरून शिव्या. कंपन्यांचे रेकॉर्ड खपत होते, मासिकांचे अंक खपत होते. ७ सप्टेंबर १९९६ ला लास वेगासमध्ये माइक टायसनची मॅच बघून निघाल्यावर त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. सहा दिवसांनी, १३ सप्टेंबरला, तो गेला. वय २५. या खून प्रकरणात पहिली अटक व्हायला २०२३ साल उजाडलं.

२५ म्हणजे माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा. हिप हॉपमध्ये त्याला देव मानतात, आणि देव म्हटलं की आपण वय विसरतो.

ॲफेनी त्याच्यानंतर २० वर्षं जगली. मुलाच्या नावानं तिनं जी संस्था काढली, तिच्यातर्फे जॉर्जियात मुलांसाठी नाटक, कविता, गाणं, नाच यांची शिबिरं भरायची. लीला स्टाइनबर्ग पुढेही मुलांना गोल बसवून लिहायला लावत राहिली. आणि बाल्टिमोरच्या एनॉक प्रॅट लायब्ररीनं त्या १९८५ च्या स्पर्धेतला कागद टाकून दिला नाही. १४ वर्षांच्या मुलाच्या अक्षरातला तो लायब्ररीवरचा रॅप तिच्या खास संग्रहात आजही ठेवलेला आहे.